उलटी फेरी

अक्षदाचे चुलते रखमाजीनाना म्हणजे शिनोलीच्या त्यांच्या विहिरीचे मास्तरच. पाठीला भोपळा बांधून त्यांनी निम्म्या आळीला पोहायला शिकवलं. नियम एकच. विहिरीच्या कोनाड्यात साती आसरा, पाण्याच्या देवी, बसलेल्या. तेव्हा पोहत फेरी मारायची ती प्रदक्षिणेसारखी, उजवीकडं वळत. कुणी उलटं फिरलं की नाना वरून खडा मारत, आणि नेम त्यांचा कधी चुकला नाही.

अक्षदा आठ वर्षं तशीच फिरली आणि दम असा कमावला, की चारशे मीटर फ्रीस्टाइलला जिल्ह्यापर्यंत पोचली. पहिल्या दोघींत आली तर राज्याच्या स्पर्धेला जायचं.

घोडं पेंड खात होतं ते पुण्याच्या सरळ तलावात. तिथल्या कोच हर्षाली मॅडमनी पाण्यात कोपर उंच ठेवायला शिकवलं, चारही शंभर सारख्या वेगानं काढायला शिकवलं. पण तिसऱ्या शंभरात दमली की पोरगी उजवीकडं सरकायची आणि लेनच्या दोरीला घासायची. श्वासही एकाच बाजूनं. शेवटी मॅडमनी विचारलं, गोल पोहायला शिकलीस का?

हे तिनं घरी हसत सांगितलं. नाना हसले नाहीत, भाकरीही अर्धीच खाल्ली. सकाळी ती विहिरीवर गेली, तर कोनाड्यापुढं नारळ फोडलेला.

"आसरांना सांगितलंय," नाना म्हणाले, "चूक माजी हाय, पोरीची न्हाई. मार उलटी फेरी."

अक्षदा पाण्यात उतरली आणि डावीकडं वळली. खडे मारणारा माणूस आता काठावर बसून उलट्या फेऱ्या मोजत होता. असे अडीच महिने. एका फेरीत अकराच हात मारायचे. बारावा पडला की नाना खाकरायचे. म्हणजे हात नुसता घसरतोय, पाणी मागं जात नाही.

स्पर्धेत तिसरं शंभर आलं, खांदे भरून आले. तिनं डावीकडून श्वास घेतला, हात मोजले, तळाची काळी रेघ पोटाखालून सुटू दिली नाही. दुसरी आली, तिसरीला वीतभर मागं टाकून.

स्पर्धा बघायला आलेल्या नानांनी नंबर विचारला नाही.

"दोरी लागली?"

"न्हाई."

अक्षदा ओल्या अंगानंच पाया पडली. "दम तुमीच दिला, नाना. अन् माज्यापायी देवापुढं चूकबी अंगावर घेतली. हे मी विसरायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरल्यावर पहिली फेरी तिनं आपण होऊन उजवीकडं वळत मारली, आसरांची. नानांनी ती मोजली नाही. हात जोडून नुसते उभे राहिले.