घोंगडीतला फोन

मेंढरांचा तळ हलला की जपायचं ते घोडीच्या पाठीवर, ही मायाक्काच्या घरची जुनी रीत. कालपरवा जन्मलेली कोकरं तिथं, घरातलं तान्हं मूलही तिथंच. आता त्यात फोनची भर पडली होती. ओझ्यावर सोलरची प्लेट बांधलेली, तिची वायर घोंगडीत शिरलेली, आणि त्याच घोंगडीत आठ महिन्यांची नात राजनंदिनी झोपलेली. धक्का लागू नये म्हणून मायाक्काच्या मुलानं, बिरुदेवानं, फोन मुद्दाम तिथं ठेवला होता.

मोहोळ गाव सोडून तिसरा दिवस. सकाळी मायाक्कानं पाहिलं, तर फोनची पाठ भाकरीसारखी फुगलेली. हा पोरीजवळ नको, असं ती दोनदा बोलली. वळसंगचा शेतकरी मेंढरं खतासाठी कुठल्या रानात बसवायची ते फोनवर सांगणार होता. फोन बंद ठेवून भागणार नव्हतं. बिरुदेवानं फोनला रबर चढवलं आणि तो परत घोंगडीत सरकवला.

"रबर लावलंय की. तू लई भितीस, आये."

तो आणि सून रुपाली मेंढरं घेऊन पुढं गेले. घोडीचा दोर मायाक्काच्या हातात राहिला.

ऊन चढलं तसा वास आला. गोडसर, रंगाच्या डब्यासारखा. घोंगडीच्या घडीतून धुराची बारीक रेघ निघत होती. तिनं हाक मारली, पण मेंढरांच्या गलक्यात ती विरून गेली.

पोर पडू नये म्हणून पहाटे दुहेरी गाठ तिनंच मारली होती. ती आता सुटेना. घोडी कान पाडून बिचकू लागली. मायाक्कानं पोरीच्या अंगाखाली हात घातला. तव्याला हात लागावा तसा चटका बसला. तिनं फोन हिसडून वायरीतून काढला आणि बांधापलीकडं भिरकावला.

तो पडताच भडकला. घोडी उधळली.

दोर मनगटाला गुंडाळलेला होता. गुडघे खरडत मायाक्का फरफटली, पण तिनं दोर सोडला नाही. घोडी थांबली.

घोंगडीतून आवाज नाही. घडी बाजूला करायला तिचा हात धजेना. मग आतून एक शिंक आली.

धूर बघून बिरुदेव धावत आला. फोन कुठं, असं त्यानं विचारलं, मग त्याला आईचा भाजलेला तळहात दिसला. त्यानं सुरीनं गाठ कापली.

मायाक्कानं नातीला पाठीशी बांधलं. वळसंगपर्यंत ती तशीच चालली. पुढं घोडीवर प्लेट उन्हात चमकत होती. तिची मोकळी वायर हेलकावे खात होती, आणि ती घोंगडीला लागली की मायाक्का थबकायची.