धुरपतामावशीचा चौथा फोटो

"मान अवघडली माही. पहिले खटकन काढे हा. आता काऊन येवढं पाहून राह्यला?"

धुरपतामावशी ओठ न हलवता पुटपुटली. चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून मी तिला खेटूनच उभी होते, म्हणून मला तेवढं ऐकू आलं. कॅमेऱ्यामागे हे लेन्सची कडी फिरवत होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

मावशी ह्यांची सख्खी, ऐंशीच्या पुढची. आपण गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो आपल्याच पसंतीचा हवा, म्हणून पांढरं लुगडं नेसून पवनारहून एसटीने आर्वीला आमच्या स्टुडिओत येते. हा चौथा. आधीचे तिन्ही जुने झाले, मावशी नाही.

"भिंतीवरच्या फोटोत डोये पाह्यजे," हे नेहमी म्हणतात. "बाकी काई नसलं तरी चालते."

ह्यांचा रेंजफाइंडर कॅमेरा जुना. त्याच्या खिडकीत मधोमध पिवळसर चौकोन असतो, त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं. कडी फिरवून दोघांना एकावर एक बसवलं की फोकस झाला. लेन्स मात्र नवी, आमच्या अनुपने पुण्याहून पाठवलेली. आजची असून घडण जुन्या काळची: पितळेची, हातात घेतली तर वाण्याच्या वजनासारखी. तोंड एवढं मोठं की ढगाळ दिवशीही खोलीत दिवा नको. दोन दिवस हे तिला नुसते पुसत होते.

रोल मीच धुतला. ते काम मी लग्नानंतर बघून बघून शिकले. लेन्स सुंदरच होती. मागचा कूलर, वायरी, तारेवरचे टॉवेल, सगळं पाण्यात पडलेल्या रंगासारखं पसरलेलं. पण फोकस कुठे खुर्चीच्या पाठीवर, कुठे खांद्यावर. मावशीच्या कानातली बाळी तिच्या झिजलेल्या कडीसकट स्वच्छ. डोळे म्हणजे दोन राखाडी ठिपके.

एवढ्या मोठ्या तोंडाच्या लेन्सला केसभर चूक चालत नाही. जुनी लेन्स सगळं पोटात घालायची. मीही.

"नवी आहे, बसाले वेळ लागते तिले," हे म्हणाले.

"लेन्समदे फॉल्ट असन बाबा, वापस करू," अनुप फोनवर म्हणाला.

"असते कधी कधी," मी म्हणाले.

दुपारी हे झोपल्यावर मी नवा रोल भरला आणि तारेवरच्या कपड्याच्या चिमट्यावर कॅमेरा धरला. दोन चिमटे दिसले. कडी फिरवली, एक झाला. धुऊन पाहिलं तर चिमट्याच्या स्प्रिंगवरचा गंजही मोजून घ्यावा असा. ती निगेटिव्ह मी डाळीच्या डब्यामागे ठेवली आणि कुकर लावला.

आठ दिवसांनी मावशी आली. फोटो हात लांब करून पाहिला.

"बाळी झकास आली. डोये कोठी गेले माहे?"

"लेन्सचं आहे मावशे. आज पुन्हा काढतो."

मी शिवणाची टेप आणली. "अजी, लेन्स नवी आहे, तर मोजूनच काढू ना."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेपचं एक टोक कॅमेऱ्याशी धरलं. दुसरं मी मावशीच्या डोळ्याजवळ नेलं.

"डोयात नोको खुपसू वं."

"साडेतीन फूट," मी म्हणाले.

लेन्सच्या कडीवर फुटांचे आकडे कोरलेले आहेत, बारीक, मुंगीएवढे. साडेतीन खुणेसमोर आणायचं, एवढंच. हे कॅमेरा घेऊन खिडकीपाशी गेले. चष्मा पुसला. कडी फिरवली, थोडी मागे आणली. मग अंगठ्याने आकडे चाचपू लागले. मी टेप गुंडाळली. उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"भैया, बसल्या बसल्या मरू का गा?" मावशी ओरडली.

हे हसले नाहीत. परत आले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"साडेतीनवर तूच लाव वं," ते म्हणाले. "मले दिसत नाई."