शोभाबाईच्या हातातली कानबाई

१९९४च्या प्लेगच्या पुढच्या साली, श्रावणात, लिंबायत या यंत्रमागांच्या वस्तीतल्या गल्लीत खानदेशी मंडळींची कानबाई देवी बसली, आणि ऐन आरतीत शोभाबाईचा मांडीवरचा उजवा हात थरथरू लागला. तसा तो चैत्रापासूनच थरथरत होता. पण तेव्हा बघायला कोण होतं? आता समोर देवी होती, ढोल होता आणि शेजारीण पार्वती होती. पार्वती किंचाळली, "व माय, कानबाई उनी! शोभाबाईना आंगमा उनी!"

शोभाबाई खरं सांगायला तोंड उघडते तोवर कपाळावर मूठभर कुंकू आणि पायांवर चार बायका. त्यात जाऊही होती, जिने बारा वर्षांत धड 'ये, बस' म्हटलं नव्हतं. अशा वेळी खरं बोलायला माणूस वेडाच पाहिजे. शोभाबाईने डोळे मिटले आणि घुमायला लागली. इतकी मजा तिला स्वतःच्या लग्नातही आली नव्हती.

मग काय, दर मंगळवारी दरबार! हात मांडीवर थरथरे, नारळ दिला की थांबे. देवीला नारळ पोचला, असं लोक म्हणत. नवरा धुडकू एरवी लूमवर बारा तास खपे, पण मंगळवारी धुतलेला सदरा घालून दारात दिवाणासारखा उभा राही.

सून गायत्रीला आधी हसू आवरेना, मग काळजी आवरेना. चैत्रात तीच सासूला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्याने बजावलं होतं, "स्वस्थ ठेवलेला हात कापतो, हे मला आवडलं नाही. थरथर वाढली, चाल मंदावली, नाहीतर एक बाजू आखडली तर घरी बसू नका. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा."

दिवाळीपर्यंत सगळंच झालं. नारळ दिला तरी हात थांबेना, उलट नारळच नाचू लागला. पार्वती म्हणाली, देवी रागावली, दोन द्या! उजवा पाय फरफटू लागला. एका सकाळी पोलक्याचे हूक लावता लावता अर्धा तास गेला आणि शोभाबाई ढसाढसा रडली.

गायत्रीने हूक लावून दिले. "आत्याबाई, मोठ्या डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ वं. माले भ्याव वाटस."

पण त्या घरात धुडकूच्या होकाराशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे, आणि धुडकू उखडला. "देवीले डाक्टर? कोप व्हई जाई! आन मंगळवारले लोकेस्ले काय सांगू?" सून बोलली, बायको बोलली. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार आला. शोभाबाईने घुमता घुमता एक डोळा किलकिला केला. समोर धुडकू हात जोडून उभा. तीस वर्षांत या माणसाने तिचं एक ऐकलं नव्हतं, आणि आता शब्दा-शब्दाला मान डोलावत होता! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भीती होती तिथेच राहिली, पण पोटात गुदगुल्याही सुरू झाल्या. ती गरगर घुमली आणि गरजली, "धुडक्या!"

जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि घेतलं तेही असं! धुडकूने सरळ लोटांगण घातलं. "हुकूम, माय!"

देवी ज्याच्या अंगात येते त्याला आपलं झाड म्हणते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मन्हं झाड वाळी ऱ्हायनं! त्याले मोठा डाक्टरकडे लई जा, आत्तेना आत्ते! देई ती गोळी खावाड! आन पोलकाना हूक रोज तू लाव!"

गायत्रीने पदर तोंडात कोंबला. धुडकू रिक्षा आणायला अनवाणीच पळाला.

मोठ्या डॉक्टरांनी शोभाबाईला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. कंपवात दिसतो, म्हणाले. पुरता जाणार नाही, पण गोळ्यांनी हात बराच ताब्यात राहील.

"पण आलात ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "कोणी आणलं?"

"कानबा—" धुडकूने हात जोडले.

शोभाबाईने आपला कापरा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून गच्च दाबला. "मीच उनू, डाक्टरसाहेब. यास्ले बी मीच लई उनू."

धुडकूने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ओठांवर आलेली कानबाई मुकाट्याने गिळून टाकली.