ओल्या जमिनीवरचं गाणं

नांदुऱ्याला रेल्वे फाटकापलीकडे शेखरच्या वडिलांचं सरकीचं गोदाम होतं. धंदा बसला तसं ते रिकामं पडलं, आणि महिन्यातून एका रविवारी, दुपार कलली की, तिथं शेखर रॉकचा कार्यक्रम ठेवू लागला. स्टेज नव्हतंच. वाजवणारे आणि ऐकणारे एकाच मातीवर उभे राहायचे.

अर्पिता एकही कार्यक्रम चुकवत नसे. एरवी ती गावातल्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. दिवसभर दंडाला पट्टा आवळायचा, ‘मूठ बंद करा, आता सोडा’ म्हणायचं, तेही हळू आवाजात. घरी मोठ्यानं हसली तरी आई आधी दाराकडे बघायची. गोदामात मात्र ड्रम वाजवणाऱ्या प्रज्वलची काठी पडली की ठोका थेट तिच्या बरगड्यांत शिरायचा, पत्रे थरथरायचे, आढ्यावरचे पारवे फडफडत बाहेर पडायचे, आणि सगळ्यांच्या पुढं उभी राहून ती घसा बसेस्तोवर ओरडायची. कोणी वळून बघत नसे, कारण सगळेच ओरडत असायचे. दुसऱ्या दिवशी कान गुंगलेले असायचे. त्या गुंगीत तिचा सोमवार सुखाचा जायचा.

गायचा हरिओम. वरवट बकाल गावचा, नांदुऱ्यात बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. आवाज फाटका, गिटार जुनी, पण गाणी त्याची स्वतःची आणि आपल्या बोलीतली. गावात कधीच वेळेवर न येणाऱ्या एस्टीवर त्याचं एक गाणं होतं, ते तर पोरं रस्त्यानं म्हणत जायची. गाताना तो चपला काढून ठेवायचा. म्हणायचा, “पायाले माती लागल्याबिगर मले सूरच लागत नाही.”

त्याचा माइक चावायचा. ओठ टेकला की झटका बसायचा.

“दुखत नाही काय रे?” अर्पितानं त्याला एकदा विचारलं होतं.

“मुंगी चावल्यावानी वाटते. सवय झाली आता.”

“मंग शेखरदादाले सांग ना.”

“सांगतलं. तो म्हणते, दिवाळीनंतर सारी वायरिंगच बदलून टाकू.”

अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन जुन्या बोर्डात बसत नव्हती, म्हणून ती केव्हाच कापून टाकलेली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. झटका बसला की हरिओम मान मागं फेकायचा आणि गर्दी एका दमात त्याला साद द्यायची. होता होता ते मान फेकणं कार्यक्रमाचाच भाग झालं. झटका नसला तरी हरिओम मान फेकू लागला, कारण लोकांना ते आवडायचं.

मे महिन्यातला तो रविवार भयंकर तापलेला होता. नाचणाऱ्यांच्या पायांनी धुरळा उडू नये म्हणून पोरांनी गोदामात पाणी मारलं. अर्पितानंही दोन बादल्या ओतल्या, त्यातली एक हरिओमच्या पायाशी, आणि तो हसला.

तिसरं गाणं एस्टीचं होतं. सुरुवातीलाच त्यानं डाव्या हातानं गिटारच्या तारा दाबल्या आणि उजव्या हातानं माइक धरला. त्याची मान मागं गेली. अंग थरथरू लागलं. गर्दीनं साद दिली, टाळ्या पडल्या, आणि अर्पितानंही दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. आजवर त्यानं इतकं सुरेख कधी केलं नव्हतं.

मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. उजव्या हाताच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या होत्या आणि मूठ सुटत नव्हती. गाणं सुरूच झालेलं नव्हतं. नुसती एक घरघर पत्र्यांमध्ये भरली होती.

“बंद करा,” ती ओरडली. शेजारच्या पोरीला वाटलं ही रंगात आली आहे. तीही तिच्याबरोबर ओरडू लागली.

अर्पिता कोपरं मारत भिंतीपर्यंत पोचली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. घरघर तुटली, ड्रमचे आणखी दोन ठोके पडले आणि थांबले. हरिओम गिटारसकट कोसळला. तिनं त्याची छाती दाबली, ऑटोत घातल्यावरही दाबत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे हात बाजूला केले.

पोलिसांनी गोदामाला कुलूप घातलं. शेखरवर गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला आणि घराबाहेर निघेनासा झाला. त्या दुपारचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ मात्र गावोगाव फिरला. वरवट बकाललाही पोचला.

तेरवी झाल्यावर अर्पिता हरिओमच्या घरी गेली. त्याची आई, गोजरबाई, ओसरीत भेंडी निवडत बसली होती. उद्याच्या बाजाराची.

“तू होती काय तठी?” गोजरबाईनं विचारलं.

“हाव, मावशी.”

“मंग मले एक सांग. माहा पोट्टा मरून राह्यला होता, न् तुम्ही सारे टाळ्या काऊन वाजवून राह्यले होते?”

बसमध्ये अर्पितानं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. “आम्हाले वाटलं, तो गाऊनच राह्यला,” ती म्हणाली.

गोजरबाईनं एक किडकी भेंडी बाजूला टाकली. “मी त्याचं गाणं कधी आयकलंच नाही व. तो म्हणे, माय, एक डाव ये. मले वाटे, पोरायच्या धिंगाण्यात आपलं काय काम.” तिनं हातातली भेंडी खाली ठेवली. “आहे काय तुह्याजवळ एखांदं?”

अर्पिताच्या फोनमध्ये वर्षभराचे कार्यक्रम होते. तिनं आधीच्या हिवाळ्यातलं एक गाणं लावलं. गोजरबाईनं हात पदराला पुसले, फोन कानाशी धरला आणि डोळे बारीक केले.

“ही कोण वरडून राह्यली?”

“मी हावो.”

“बरं. आता त्याचं लाव.”

“हे त्याचंच हाय, मावशी. मागून येऊन राह्यला त्याचा आवाज.”

गोजरबाईनं पुन्हा कान लावला आणि नकारार्थी मान हलवली. अर्पितानं दुसरं लावलं, मग तिसरं. सगळी तिनंच पुढं उभं राहून घेतलेली, आणि सगळ्यांत तिचाच गळा वर. हरिओम कुठंतरी खाली, शब्द न लागणारा. गोजरबाईनं शेवटपर्यंत ऐकलं, फोन परत दिला, आणि टोपली पुढ्यात ओढून भेंडी निवडू लागली.