फोन नंबर तळाशी आहे

मी एक जुनी वेबसाइट आहे, मित्रांनो. मोठ्या कंपनीची वगैरे नाही, कानाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या छोट्या दुकानाची. ते दुकान आता बंद झालंय. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी आहे, एवढंच.

माझा जन्म दुकानातल्या टेबलावरच झाला, बारीक स्क्रू आणि चपट्या बॅटऱ्यांच्या पसाऱ्यात. बाईंच्या भाचीनं मला घडवलं. वरती ठळक फोन नंबर, खाली पत्ता, संपलं! दिसायला मी यथातथाच, पण कामाला चोख. लोक यायचे, नंबरावर बोट ठेवायचे, की दुकानात फोन वाजायचा. माझ्यापाशी कुणी रेंगाळत नसे आणि त्यातच माझं सुख होतं.

माझ्याकडे नेहमी येणारे एक आजोबा होते. आजारपणानंतर आजींचा आवाज अगदी बारीक झालेला, यंत्राशिवाय तो आजोबांपर्यंत पोचायचाच नाही. आणि यंत्र सारखं रुसायचं. नंबर साठवून ठेवणं त्यांना जमत नसे, मला उघडायचं तेवढं नातीनं शिकवलं होतं. ते नंबर दाबायचे, "बाई, पुन्हा बिघडलं हो!" असं ओरडायचे आणि उत्तर ऐकू येणार नाही म्हणून लगेच फोन ठेवून द्यायचे. बाई आवाज ओळखायच्या आणि हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी जायच्या.

मग भाची काहीतरी नवीन शिकून आली. "मावशी, किती ओकीबोकी दिसते गं ही!" म्हणाली आणि तिनं मला नटवलं. आता बोट सरकवलं की आधी एक भलामोठा कान हळूहळू उमलायचा. मग अक्षरं डावीउजवीकडून तरंगत यायची, मागचं चित्र भलत्याच गतीनं हलायचं. आणि फोन नंबर? तो सगळे खेळ संपल्यावर, पार तळाशी. बाई हरखल्या. "अगं बाई! हे माझं दुकान?" मीही खुशीत होते, खोटं कशाला बोलू?

भाची अधूनमधून आकडे बघायची. लोक आता माझ्यापाशी कितीतरी जास्त वेळ थांबत होते. "बघ मावशी, कुणाचा पायच निघत नाही इथून!" कसला पाय निघत नाही, डोंबल! ते बिचारे नंबर शोधत होते. कुणाला गरगरायचं, कुणी वैतागून निघून जायचं. पण माझं ऐकतो कोण?

टेबलावरचा फोन गप्प झाला. बाई म्हणायच्या, "आजोबांचाही फोन नाही गं. यंत्र बरं चाललेलं दिसतंय त्यांचं."

यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. आजोबा रोज मला उघडायचे. त्यांच्या थरथरत्या बोटानं मी टुणकन कुठल्या कुठे जायचे, मागे ओढलं की मेला तो कान पुन्हा पहिल्यापासून उमलायचा. शेजारी बसलेल्या आजी सांगायच्या, "अहो, अजून खाली घ्या. खाली असेल." मला ऐकू यायचं. आजोबांना नाही.

शेवटी बाईंनी दुकानाचं शटर ओढलं, फोनही काढून टाकला. "एवढी छान वेबसाइट असून असं कसं झालं?" भाची रडत म्हणाली.

आणि आज दुपारी आजोबांचं बोट कसंबसं तळाला पोचलं. नंबर तरंगत वर आला. "बाई, पुन्हा बिघडलं हो!" ते ओरडले आणि नेहमीसारखा फोन ठेवून दिला. ते ओरडत होते तेव्हाच पलीकडून एक आवाज सांगत होता की हा नंबर आता बंद आहे, ते फक्त आजींनी ऐकलं. त्यांनी आजोबांना दोनदा सांगून पाहिलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखं काहीतरी घडवाल. खुशाल सजवा. पण दारी आलेल्याला हवं ते आधी त्याच्या हातात द्या, खेळ मग दाखवा. माझं तर आता काही व्हायचं नाही. आजोबांनी धुतलेला शर्ट घातलाय. बाई येतीलच एवढ्यात म्हणून ते दार उघडं ठेवून बसलेत.