थोराड ते पुरुष, नाजूक त्या बायका

डॉक्टरीणबाईंनी कवटी मापायला घेतली, तेव्हा थोरली बाहेर बाकड्यावर बसून होती. तिची धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी घरातून नाहीशी झाली होती. "पळाली कुणाचा तरी हात धरून," असं धाकटीचा नवरा वस्तीभर सांगत सुटला होता. सांगायला काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला. आता त्याच्याच खोलीमागे, दगडाच्या खाणीत, ढिगाऱ्याखाली कवटी सापडली होती. नुसती कवटीच. कमरेचं हाड मिळालं असतं तर बाई की पुरुष याचा एका नजरेत निकाल लागला असता. कवटी बाईची ठरली तर दात पुढच्या तपासणीला जाणार होते, थोरलीच्या रक्ताशी ताडून पाहिले जाणार होते. पुरुषाची ठरली तर फाइल बंद, नवरा मोकळा, आणि धाकटी पळाली ती पळालीच.

डॉक्टरीणबाईंनी कॅलिपर लावून लांबी मापली, रुंदी मापली, कानामागच्या उंचवट्याची उंची घेतली. सगळी मापं पुन्हा एकदा घेतली आणि विभागाच्या सूत्रात घातली. उत्तर सीमारेषेच्या केसभर वर आलं. रेषेच्या वर म्हणजे पुरुष.

"झालं तर," विभागप्रमुख म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणत, आणि पाठीमागे कवटीसाहेब. त्यांनी अहवाल टाइप करून सहीसुद्धा ठोकली होती. "कर सही, हवालदार ताटकळलाय."

"सर, ती मुलगी लहानपणापासून खाणीत डोक्यावर दगड वाहत होती. अशा बाईच्या कवटीचं मानेकडचं हाडही राकट होतं."

"बहिणीचं रडगाणं ऐकून आलीस वाटतं. सूत्र रडत नाही."

"सूत्र कशावरून काढलं होतं?"

सरांनी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. डाव्या फळ्यांवर पुरुष, उजव्या फळ्यांवर बायका, नीट रांगेत. "या सगळ्या मी मापल्यात. तू शाळेत होतीस तेव्हा."

"पण यातला पुरुष कोण आणि बाई कोण, हे आधी कसं कळलं? नोंदी होत्या?"

"नोंदी कसल्या? बेवारस सगळ्या. डोळ्यांनी लावल्या मी. थोराड ते पुरुष, नाजूक त्या बायका. त्याला नजर लागते बाळ, ती पुस्तकात मिळत नाही."

डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे या गृहस्थाने आधी मनाला येईल तशी वाटणी केली, मग त्या वाटणीची मापं घेतली, मापांचं सूत्र केलं, आणि सूत्र आपल्याशी सहमत होतं म्हणून इतकी वर्षं कॉलर ताठ करून फिरला! आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच पैकीच्या पैकी द्यायचे. त्या सूत्रावर आजवर किती जणींच्या फायली बंद झाल्या असतील! कॅलिपर सरांच्या टेबलावर आपटावा असं त्यांना फार वाटलं.

"मी सही करणार नाही."

"मग काय लिहिणार? बाई?"

"सांगता येत नाही, असं लिहिणार."

"सांगता येत नाही?" सर हसले. "त्यासाठी पगार घेतेस होय? उद्या आपल्या विभागाला कुणी विचारेल का?"

"नाही विचारलं तर नाही."

सर तावातावाने अहवाल घेऊन बाहेर गेले. "हवालदार, पुरुष आहे," त्यांनी थोरलीच्या डोक्यावरून सांगितलं. "जबडा बघा, मानेकडचं हाड बघा. गडी माणूस."

थोरली उभी राहिली. "गडी? नवरा पण हेच म्हणायचा तिला. चारचौघांत दंड धरून दाखवायचा, 'बघा, गड्याशी लग्न लागलं माझं.' त्याच्या घरात चूल पेटायची ती तिच्या त्याच दंडांवर. जिवंतपणी बाई मानलं नाही तुम्ही, आता मेल्यावर पण नाही?"

सर घड्याळ बघू लागले.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "हवालदार, या अहवालाला दोन सह्या लागतात. माझी मिळणार नाही. मी वेगळं मत लिहून देते, आणि मत वेगळं पडलं की दात पाठवावेच लागतात. नियम तुम्हाला माहीत आहे."

"अहो बाई, पण बाई की पुरुष, एक काय ते सांगा ना," हवालदार काकुळतीला आला.

"मला माहीत नाही. यांनाही माहीत नाही. फरक एवढाच की मी कबूल करते." मग त्या थोरलीकडे वळल्या. त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता. "ताई, खोटी आशा लावत नाही. ती तुमची बहीण नसेलही."

थोरलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ती कशी होती, कुठे गेली, कुणाबरोबर गेली, सगळ्या जगाला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

आणि तिने बाही कोपराच्या वर सारली. दंड चांगला भरदार होता.

"रक्त कुठे द्यायचं?"