मायच्या पेटीचा नंबर

मनकर्णाबाई गेल्या आणि पेटी बंदच राहिली. नंबराच्या कुलपाची ती निळी पेटी त्यांच्या लेकानं, रवींद्रनं, सत्याऐंशी साली भोपाळहून आणली होती. "माय, तुया नंबर तूच लाव. कोनाले सांगू नोको, मलेही नाही," असं म्हणून तो तोंड फिरवून बसला होता. म्हातारीनं त्याचा शब्द मरेपर्यंत पाळला. नवऱ्यानं टाकून माहेरी आलेल्या सुमननं, म्हातारीच्या थोरल्या लेकीनं, सौंसरच्या त्या घरात तिचं सगळं केलं, पण सुमनलाही तिनं कधी पेटीजवळ फिरकू दिलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, तसा रवींद्र पेटी घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्याची पांढुर्ण्याहून गाडी होती, आणि आपणच घेतलेली महागाची पेटी फोडायला त्याचा जीव होत नव्हता.

"तीन चाकं, एकेकावर दहा आकडे," तो म्हणाला. "दहा गुनिले दहा गुनिले दहा. हजार नंबर होतेत, ताई."

हजारातला पहिला त्यानं स्वतःचाच लावला. तेवीस जानेवारी, म्हणजे दोन, तीन, एक. लाडक्या लेकाचा भरवसाच तसा असतो. खटका हलला नाही. मग शून्यापासून एकेक फिरवत बसला आणि थोड्याच वेळात कंटाळला. "मायले माही आठवन नाही झाली म्हना," असं पुटपुटत चहा प्यायला चौकात गेला.

सुमनला बरं वाटलं. लाज वगैरे काही वाटली नाही, चक्क बरं वाटलं. म्हातारीचं हागणंमुतणं काढताना रात्रंदिवस "माया रवींदर, माया रवींदर" तिनंच ऐकलं होतं. पेटीतलं तिला काही नको होतं. नंबर तेवढा आपला निघावा, एवढंच. तेरा एप्रिल. जयंतीच्या आदल्या दिवशी झालेली पोरगी, माय विसरेल कशी? तिनं एक, तीन, चार लावले. पेटी ढिम्म.

मग तिच्या ध्यानात आलं. माय शाळेत गेलेलीच नव्हती. कॅलेंडरवरचे मराठी आकडे तेवढे ती ओळखायची, आणि पानं मोजून महिना सांगायची. चाकांवरचे आकडे तर इंग्रजी. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात खाटेवरचा 9 पाहून ती येईल त्याला ऐटीत सांगायची, "मले एक नंबरची खाट देल्ली!" तिच्या डोळ्यांना 9 म्हणजे १ आणि 8 म्हणजे ४. शून्य, दोन, तीन ओळखीचे. बाकीच्यांच्या वाटेला ती गेलीच नसणार. पाचच आकडे. पाच गुणिले पाच गुणिले पाच, सव्वाशे. हजारातले पावणेनऊशे नंबर म्हातारीनं शाळेत न जाताच उडवून लावले होते.

पण सव्वाशेही कशाला? सुमननं आपली तारीख मायच्या नजरेनं लावली. नऊ, तीन, आठ. खटका दाबला. नाही उघडली.

पुढचा नंबर तिला ठाऊक होता आणि लावायचा नव्हता. तरी लावला. दोन, तीन, नऊ. खट्ट झालं आणि झाकण सुटलं.

तिला रडू आलं नाही, संताप आला. ज्या हातानं घास भरवला त्याच हातापासून पेटी राखायची, आणि तीही भोपाळवाल्याच्या तारखेनं!

रवींद्र परत आला तो दारातच थबकला. "उघडली? कशी काय?"

"फिरवता फिरवता."

आत एक कोरं लुगडं, चांदीची जोडवी आणि वंदनेचं पुस्तक होतं. त्यानं तिकडे नीट पाहिलंही नाही. तो चाकांवरच वाकला. "दोन, तीन, नऊ. हा कायचा नंबर असन, ताई?"

त्याचा चेहरा उपाशी पोरासारखा झाला होता. एक शब्द पुरे होता. तो शब्द त्यानं भोपाळला जन्मभर मिरवला असता.

"काय मालूम," सुमन म्हणाली. "देल्ला असन असाच फिरवून."

"मले वाटलं, तुही तारीख असन. माही तं नव्हतीच." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मंजे मायनं आपल्या दोघायलेही नाही धरलं."

"नाही धरलं," सुमन म्हणाली, आणि तिन्ही चाकं शून्यावर आणून ठेवली.